जात्यावरची ओवी रेकॉर्ड करायची तर

बेळगावकडच्या खानापूर-निपाणी भागात ओव्या येणाऱ्या आज्या अजून भेटतात, जाती मात्र परसात पडलेली असतात. म्हणून आधी जातं नीट मांडून घ्या. खुंटा सैल असला की दर फेऱ्याला टक्‌टक् वाजतो, आणि तो ठोका नंतर गाळता येत नाही. बुडाला चिंधी गुंडाळून खुंटा ठोकून बसवा. रिकामं जातं फिरवायचं नाही. दगडावर दगड घासून कर्कश आवाज येतो. किलोभर जोंधळा हाताशी ठेवा. मूठमूठ दाण्यांची वैरण पडत राहिली की घरघर आपोआप मऊ होते. ती पुरती घालवायच्या नादी लागू नका, ओवीची लय तिच्यावरच चालते.

रेकॉर्डर जमिनीवर ठेवलात तर जात्याची थरथर सरळ त्यात उतरते. स्टुलावर वाकळेची चौपदरी घडी, तिच्यावर रेकॉर्डर, माइक तोंडाच्या उंचीवर, दोन-अडीच वीत लांब आणि किंचित बाजूला. याहून जवळ नको: दळताना बाई पुढंमागं झुलते, त्यामुळं आवाज वरखाली होतो. पदराला अडकवायचा माइक इथं कुचकामी, पदराचीच खसखस जास्त ऐकू येते. बांगड्या किणकिणतात म्हणून त्या उतरवायला कुणाही सवाष्णीला सांगू नये. माइक हातापासून वर सरकवा, तेवढ्यानं भागतं.

फाइल डब्ल्यूएव्ही (न दाबलेली), 48 किलोहर्ट्‌झ, 24 बिट. मोनो, म्हणजे एकाच चॅनेलची ठेवलीत तर तासाला साधारण अर्धा जीबी लागतो. सर्वांत वरच्या सुरातली ओळ म्हणायला लावून लेव्हल उणे 12 डेसिबलच्या आसपास बसवा. ऑटो लेव्हल बंदच हवी. नाहीतर दोन ओव्यांच्या मध्ये आजी दम घेते तेवढ्यात यंत्र घरघर फुगवून ठेवतं. खालचा गडगडाट कापायचं बटण असेल तर 80 हर्ट्‌झवर लावा. फोन विमान मोडवर. हेडफोन कानाला असल्याशिवाय सुरू करू नका.

पावसाळ्यात पत्र्याखाली बसणं व्यर्थ. उसाच्या हंगामात मोठा रस्ता टाळा: ट्रॅक्टरवरचं सिनेमातलं गाणं मागं घुसलं की रेकॉर्डिंग नेटवर टाकताना कॉपीराइटची कटकट लागते. यल्लम्माची गाणी घ्यायची तर सौंदत्तीला पौर्णिमेच्या गर्दीत नको, यल्लम्माला वाहिलेल्या जोगतीच्या घरी जा. साथीला चौंडकं हे वाद्य असेल तर सहा-सात फूट मागं सरा आणि लेव्हल नव्यानं लावा.

कहाणी मात्र आजीला नुसत्या यंत्रासमोर सांगायला लावू नका, दोन मिनिटांत आटोपते. समोर हुंकारा भरणारं नातवंड बसवा. त्याचा हुंकारा राहू द्या. तुम्ही फक्त मान हलवायची.

सुरुवातीला तारीख, गाव, तालुका, बाईंचं नाव आणि माहेर तुमच्या आवाजात बोला. माहेर महत्त्वाचं, कारण ओव्या बहुधा तिथूनच आलेल्या असतात. एकच बाई ओवीला जोडून कन्नड बीसुव पदही (दळणाचं गाणं) म्हणते; तिथं थांबवू नका. कागदावर उतरवताना बोलीतल्या ‘करालास’चं ‘करतोस’ करू नका, मधला कन्नड शब्द तसाच ठेवा. नेटवर टाकू का, हे आधी एकदा आणि ऐकवून झाल्यावर पुन्हा एकदा विचारा. ओवीत सासूचं, जावेचं नाव येतं. दुसऱ्यांदा ऐकताना बाईंच्या ते ध्यानात येतं, आणि ‘तेवढी नको’ म्हणाल्या तर ती वेगळी काढून ठेवा. त्याच रात्री दोन प्रती करा, त्यातली एक दुसऱ्याच्या घरी ठेवा. त्यानंतरच कार्ड पुसा.