पाळणा लांबवायचाय? साधन निवडताना दुष्परिणामांचा हिशेब असा करा

गर्भनिरोधक निवडताना बहुतेक जणी पहिला प्रश्न विचारतात, “त्रास कशाचा होत नाही?” त्यापेक्षा दोन प्रश्न क्रमाने विचारा. माझ्या तब्येतीला कोणतं साधन मुळीच चालणार नाही? आणि उरलेल्यांपैकी कोणता त्रास मी सोसू शकते? एकीला पाळी थांबली की सुटल्यासारखं वाटतं, दुसरीची त्याच कारणाने झोप उडते. म्हणून जावेला मानवलं ते आपल्यालाही मानवेल, हा हिशेब चुकतो.

पहिली पायरी: दवाखान्यात जाण्याआधी लिहून काढा

पाळणा किती लांबवायचा आहे, वर्षभर की पाच वर्षं? मूल अंगावर पितंय का, आणि किती महिन्यांचं आहे? गोळी रोज एकाच वेळी घेणं जमेल का? कारखान्याची पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या.

मग आजार आणि औषधं. बीपी, अर्धशिशी, कावीळ, पायाच्या शिरेत झालेली गाठ, फिट्स, टीबी, यातलं काहीही लपवू नका. टीबीच्या गोळ्यांतलं रिफाम्पिसिन आणि फिट्सची काही औषधं रोजच्या गर्भनिरोधक गोळीचा असर कमी करतात. गोळी न चुकवताही दिवस जातात ते अशाने. धूम्रपान करता का असं विचारल्यावर नुसतं ‘नाही’ म्हणून थांबू नका, मिसरी लावत असाल किंवा तंबाखू खात असाल तर तेही सांगा.

दुसरी पायरी: तपासण्या

बीपी मोजून घ्या, हिमोग्लोबिन बघा, दिवस राहिलेले नाहीत याची खात्री करा. सिव्हिलमध्ये, महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात किंवा गावाकडच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हे होतं. सरकारी साधनंही तिथे मोफत मिळतात. तेलुगू किंवा कन्नडमधून सोपं जात असेल तर तशी बोलणारी आशाताई किंवा नर्स मागून घ्या, कारण अर्धवट समजलेली सूचना नंतर महागात पडते.

तिसरी पायरी: साधन आणि त्याचा त्रास समोरासमोर ठेवा

खऱ्याखुऱ्या, म्हणजे चुका धरून होणाऱ्या वापरात, वर्षभरात १०० पैकी साधारण इतक्या जणींना दिवस जातात: निरोधवर १३, रोजच्या गोळीवर ७, इंजेक्शनवर ४, तांबीवर (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) एकीपेक्षा कमी.

*तांबी.* हिचे दोन प्रकार मिळतात: ३८० ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं. हार्मोन नसल्यामुळे अंगावर पाजणाऱ्या आईलाही चालते, आणि बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आतही बसवता येते. त्रास म्हणजे पहिले तीन ते सहा महिने अंगावरून जास्त जाणं आणि ओटीपोटात कळा. म्हणून हिमोग्लोबिन आधी बघायचं. रक्त फारच कमी असेल किंवा मुळातच पाळीला खूप जात असेल तर दुसरं साधन बरं. तांबी छातीत चढते हे खरं नाही. ती गर्भाशयात असते आणि निसटलीच तर बहुतेक वेळा खाली बाहेर पडते, तेही मुख्यतः सुरुवातीच्या महिन्यांत. म्हणून पहिल्या पाळीनंतर तपासायला जा. तांबीला जोडलेला दोरा बोटाला लागत नसेल तर तपासणी होईपर्यंत निरोध वापरा.

*अंतरा इंजेक्शन.* दर तीन महिन्यांनी एक. घरात कुणाला कळू द्यायचं नसेल तर हे सोयीचं. पाळी आधी अनियमित होते, थेंबथेंब डाग पडतात, पुढे अनेकींची पाळी थांबते. पाळी थांबली म्हणून रक्त आत साठतं असं नाही. गर्भाशयाचं अस्तरच पातळ राहतं, म्हणून बाहेर पडायला काही नसतं. वजन वाढू शकतं. सगळ्यात महत्त्वाचं, सोडल्यावर दिवस जायला वेळ लागतो, शेवटच्या इंजेक्शनपासून साधारण ७ ते १० महिने. येत्या वर्षात मूल हवं असेल तर हे घेऊ नका. टोचलेली जागा चोळू नका, शेकूही नका.

*माला-एन.* ही रोजची गोळी. पाकिटात २१ हार्मोनच्या गोळ्या आणि ७ लोहाच्या. पहिले तीन महिने मळमळ, डोकेदुखी, मध्येच डाग, हे बहुधा आपोआप कमी होतं. रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी जाणवते. बीपी जास्त असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, पस्तिशीनंतर विडी-सिगारेट ओढत असाल, शिरेत गाठ झालेली असेल किंवा बाळ सहा महिन्यांच्या आतलं असून अंगावर पीत असेल, तर ही नको.

एक गोळी चुकली तर आठवताच घ्या आणि पुढची ठरल्या वेळी. दोन किंवा जास्त चुकल्या तर एक लगेच घ्या, पुढे रोज चालू ठेवा आणि सात दिवस निरोध वापरा. या चुका तिसऱ्या आठवड्यात झाल्या असतील तर हार्मोनच्या गोळ्या संपवून लोहाच्या सोडा आणि थेट नवं पाकीट सुरू करा. गोळीनंतर दोन तासांत उलटी झाली तर दुसरी घ्या.

*छाया.* हीही गोळी, पण रोजची नाही आणि हिच्यात हार्मोन नाही. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी, मग तीन महिने आठवड्यातून दोनदा (पहिली रविवारी असेल तर रविवार-बुधवार), चौथ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा, पहिल्या गोळीच्याच वारी. गोंधळ होतो तो याच बदलाच्या वेळी, म्हणून कॅलेंडरवर आधीच खुणा करून ठेवा. पाळी लांबणं किंवा कमी जाणं हा नेहमीचा परिणाम. पंधरा दिवसांहून जास्त लांबली तर लघवीची तपासणी करा. पीसीओडी (बीजकोशात गाठी होऊन पाळी अनियमित होण्याचा आजार), नुकतीच झालेली कावीळ किंवा टीबी असेल तर ही टाळा.

*निरोध.* दुष्परिणाम जवळजवळ नाहीत, रबराची अॅलर्जी असेल तेवढीच अडचण. गुप्तरोगांपासून संरक्षण मात्र वरच्यांपैकी फक्त हाच देतो. खोबरेल तेल लावलं की रबर कमकुवत होऊन फाटतं. सोलापूरच्या उन्हाळ्यात गाडीच्या डिक्कीत ठेवलेलं पाकीट वापरू नका.

आता मूलच नको असेल तर पुरुषाची बिनटाक्याची नसबंदी बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी आणि कमी धोक्याची आहे, आणि तिने ताकद किंवा इच्छा कमी होत नाही. फक्त पुढचे तीन महिने निरोध वापरायचा आणि वीर्यतपासणी करूनच निर्धास्त व्हायचं.

इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. आषाढीला, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला किंवा घरच्या पूजेला पाळी पुढे ढकलण्यासाठी मेडिकलमधून आणलेली गोळी गर्भनिरोधक नाही. त्या दिवसांत वेगळं साधन लागतंच. तसंच ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी महिन्याचं साधन म्हणून वापरू नका. ती रोजच्या साधनांपेक्षा कमी खात्रीची आहे आणि पाळीचं गणित बिघडवते.

चौथी पायरी: तीन महिने नोंद ठेवा

किती दिवस गेलं, किती पॅड लागले, डोकं कधी दुखलं, एवढं लिहा. ‘खूप जातं’ म्हटल्याने डॉक्टरांना नीट अंदाज येत नाही, ‘आठ दिवस, रोज सहा पॅड’ म्हटलं की उपाय ठरवता येतो.

काही लक्षणांना मात्र थांबायचं नाही. गोळीवर असताना एका पोटरीत दुखून सूज, छातीत कळ, धाप, अचानक तीव्र डोकेदुखी, दिसण्यात फरक किंवा कावीळ झाली तर, आणि तांबीवर असताना ताप, ओटीपोटात तीव्र दुखणं, घाण वासाचा स्राव किंवा पाळी चुकली तर त्याच दिवशी सिव्हिल गाठा.

साधन बदलताना

त्रासाला कंटाळून आधी सोडायचं आणि नवं पुढच्या महिन्यात बघू म्हणायचं, या मधल्या काळातच नको असलेले दिवस जातात. तांबी काढून गोळीवर यायचं असेल तर गोळी आधी सुरू करा आणि सात दिवसांनी तांबी काढा. अंतरा सोडायचं असेल तर पुढच्या इंजेक्शनची तारीख उलटायच्या आत नवं साधन घ्या. तांबी काढून मागणं हा तुमचा हक्क आहे. ‘अजून वर्षभर राहू द्या’ असा सल्ला मिळाला तर कारण विचारा, आणि पटलं नाही तर काढूनच घरी या.