मे महिन्यातली तीर्थन: ट्राउटसाठी गळ कधी, कुठे, कसा टाकायचा

मे महिन्यात आपल्याकडच्या नद्या डबक्यांवर येतात, हिमाचलात त्याच महिन्यात त्या फुगतात. कुल्लू जिल्ह्यातल्या तीर्थनवर पहिल्यांदा जाणारा इथेच गोंधळतो: आभाळ कोरडं ठाक, मग दुपारी पाणी चढलं कसं? वरच्या रांगांवरचा बर्फ दिवसभर उन्हात वितळतो आणि ते पाणी काही तासांनी खाली पोचतं. सकाळी नदी उतरलेली आणि निवळशंख, दुपारनंतर चढती आणि दुधाळ, रात्री पुन्हा ओसरती. ट्राउट या थंड पाण्यातल्या माशासाठी इथे फ्लाय फिशिंग करतात, म्हणजे आकड्यावर बांधलेला नकली किडा (त्यालाच इथे ‘माशी’ म्हटलंय) गळाला लावून टाकतात. त्याचं सगळं गणित या चढउतारावर बसवायचं.

पोचल्याबरोबर काठावर पाण्याला टेकून एक पांढरा गोटा ठेवा आणि दर अर्ध्या तासाने बघा. गोटा बुडायला लागला की पाणी चढतंय. दोन दिवसांत तुमच्या टप्प्यावर चढ किती वाजता येतो ते कळतं. ढगाळ दिवशी चढ उशिरा येतो, कमीही येतो. असा दिवस मिळाला तर सोडू नका.

मात्र पहाटे पाचला काठावर जाऊन बसण्यात अर्थ नाही. पाण्यात थर्मामीटर बुडवून पाहा. 6-7 अंश सेल्सिअसला ट्राउट तळाशी सुस्त पडून असतो, तोंडासमोरून गेलेलं आमिषच काय ते घेतो. 10 ते 15 अंशांत तो खरा खातो. उन्हाने पाणी तापायला लागल्यापासून चढ येईपर्यंतचे चार-पाच तास हाताशी असतात, साधारण साडेआठ ते एक. पारा 20 कडे गेला तर गळ गुंडाळा. त्या पाण्यात दमवून सोडलेला मासा बहुधा जगत नाही.

गुशैणीला फलाचन तीर्थनला मिळते. आधी या संगमावर उभं राहा. दोन्ही नद्या एकाच वेळी गढूळ होतीलच असं नाही, त्यामुळे जी स्वच्छ दिसते तिच्या वरच्या अंगाला जा. संगमाखाली दोन रंगांच्या पाण्याची शीव दिसते, तिच्या स्वच्छ बाजूला गळ टाका. पाणी किती गढूळ चालेल? गुडघाभर पाण्यात स्वतःचे बूट दिसले पाहिजेत. जेमतेम फूटभर दिसत असेल तर 10 नंबरच्या आकड्यावर बांधलेली काळी, केसाळ माशी, म्हणजे वूली बगर, काठालगत ओढून बघा (नंबर आकड्याच्या मापाचा). त्याहून कमी दिसत असेल तर चहा प्या.

चढत्या पाण्यात मासा मधल्या धारेत राहत नाही, तिथे ताकद फुकट जाते. तो काठालगतच्या संथ पट्ट्यात, धोंड्याच्या मागच्या भोवऱ्यात आणि धोंड्याच्या अगदी पुढच्या उशीसारख्या पाण्यात असतो. नवखे लोक थेट पाण्यात उतरून हेच मासे तुडवतात आणि मग मधल्या धारेत तासभर गळ टाकत बसतात. पहिला गळ कोरड्या जमिनीवरून, काठापासून दोन मीटर मागे उभं राहून टाका.

4 किंवा 5 वजनाच्या दोरीसाठीची नऊ फुटी काठी, तरंगणारी दोरी आणि तिच्या टोकाला नऊ फूट पारदर्शक दोरा, म्हणजे लीडर, पुरतो. टोकाचा बारीक दोरा, म्हणजे टिपेट, निवळ पाण्यात 5एक्स (0.15 मिमी), किंचित दुधाळ पाण्यात 4एक्स (0.18 मिमी). माशी निवडण्याआधी उथळातले चार गोटे उलटे करा आणि त्यांना चिकटलेल्या किड्यांच्या अळ्या बघा. बारीक खड्यांच्या नळीत राहणारी अळी कॅडिसची. दोन शेपट्यांची चपटी, दांडगी बहुधा स्टोनफ्लाय. तीन शेपट्यांची नाजूक असेल तर मेफ्लाय. जे जास्त दिसेल, त्याच रंगा-आकाराचं बांधा.

बहुतेक सकाळी दोन निंफची, म्हणजे पाण्याखाली बुडणाऱ्या, अळीसारख्या माश्यांची, जोडी चालते. वर 3 मिमी टंगस्टन मण्याचा 12 नंबरचा हेअर्स इअर, त्याच्या आकड्याच्या वळणाला 40 सेंमी टिपेट बांधून खाली 16 नंबरचा फेझंट टेल. तरंगणारी खूण, म्हणजे इंडिकेटर, माशीपासून पाण्याच्या खोलीच्या दीडपट अंतरावर लावा. तीन-चार फेऱ्यांत एकदा तळ लागला पाहिजे. कधीच लागत नसेल तर वजन वाढवा. दरवेळी अडकत असेल तर कमी करा. मासे मिळत नसले की लोक माशी बदलत बसतात, चूक बहुतेकदा खोलीची असते.

दुसरी चूक ओढीची. तुम्ही आणि मासा यांच्यामध्ये वेगवान धार असली की ती दोरीला खेचते, दोरी माशीला, आणि माशी पाण्यात पळू लागते. अळी अशी पळत नाही. त्यामुळे लांब फेकू नका. पाच-सहा मीटर पुरे. काठी उंच धरा, दोरी पाण्यावरून उचललेली ठेवा आणि माशीबरोबर काठीचं टोक न्या. खूण जरा थबकली की मनगट उचला. शंभरदा दगडच निघेल, तरी उचला. आकडा निघून गेला आणि दोऱ्याचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं दिसलं, तर दोरा तुटलेला नाही, गाठ सुटली आहे. पाच वेढे द्या आणि आवळण्याआधी गाठ थुंकीने ओली करा. दुपारी हवेत किडे उडताना आणि पाण्यावर कडी उमटताना दिसली, तर पाण्यावर तरंगणारी माशी, 14 नंबरचा एल्क हेअर कॅडिस, लावा.

मार्च ते ऑक्टोबर हा ट्राउटचा हंगाम. थंडीत ब्राउन ट्राउटची वीण असते, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी. परवाना मत्स्य विभागाकडून काढा आणि त्यावरच्या अटी वाचा. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या हद्दीत गळ टाकायचा नाही. आकड्याचा काटा पक्कडीने चेपून घ्या. सोडायचा मासा ओल्या हाताने, शक्यतो पाण्यातच सोडवा. मिशा असलेला, तोंड खालच्या बाजूला असलेला मासा लागला तर तो इथलाच गुगली. ट्राउटच्या पाठीवर शेपटीआधी छोटा मांसल पर असतो, तो याला नसतो. गुगली लगेच सोडा. ट्राउट इथला नव्हे, तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी आणून सोडलेला.

सकाळी गुडघाभर पाण्यातून ओलांडलेली धार दुपारी मांडीपर्यंत येते, आणि हे पाणी आपल्या ओढ्यासारखं नाही. बर्फाचं आहे, पाय लगेच बधिर होतात. पलीकडे जायचंच असेल तर परतीचा पूल आधी बघून ठेवा. औटहून बंजारच्या रस्त्याला लागलात की आधी लारजी येतं. तिथल्या धरणाच्या खालच्या अंगाला, बियास नदीच्या पात्रात, कितीही सुंदर पाणी दिसलं तरी उतरू नका. 8 जून 2014 रोजी या धरणातून सोडलेल्या पाण्यात थलौटजवळ हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले. तीर्थनवरही गोटा अचानक दिसेनासा झाला किंवा पाण्यातून काड्या-पालापाचोळा यायला लागला, तर अडकलेला गळ सोडवत बसू नका. दोरा तोडा आणि वर चढा.