तरंगती चकती: नायट्रोजन येण्याआधी काय काय हवं

यंदा धाकट्या वर्गातल्या दोन गटांनी सुपरकंडक्टर (खूप थंड केल्यावर विजेला रोध न करणारा आणि चुंबकाला दूर ढकलणारा पदार्थ) आणि चुंबकीय तरंगण्याचा विषय घेतलाय असं कळलं. गेल्या वर्षी पुण्यातच आमच्या गटाने हाच प्रकल्प केला होता. तेव्हा कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं बरंच काही आहे, ते लिहून टाकतो.

सगळ्यात आधी सामान नको, जर्नलचं पहिलं पान उघडा आणि काय मोजणार ते लिहा. चुंबक हवेत उभा राहतो, सगळे मोबाइल काढतात, थोड्या वेळाने चुंबक खाली बसतो आणि बाहेरून आलेले परीक्षक विचारतात, “बरं, मग मोजलंत काय?” आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो होतो. तुम्ही दोन गोष्टी धरा: चुंबक कोणत्या तापमानाला खाली बसतो, आणि अंतर कमी होईल तसा ढकलण्याचा जोर किती ग्रॅमने वाढतो. पुढची सगळी यादी या दोन आकड्यांसाठी आहे.

चकती यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडची घ्या. सुमारे ९२ केल्विनच्या (शून्य अंश सेल्सिअस म्हणजे २७३ केल्विन) खाली ती सुपरकंडक्टर होते आणि द्रव नायट्रोजन ७७ केल्विनला उकळतो, म्हणून आपल्यासारख्यांना हा प्रयोग परवडतो. १९११ मध्ये डच शास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांना पाऱ्यात हे दिसलं, ते ४.२ केल्विनला, त्याला द्रव हेलियम लागतो. चकती स्वतः भाजायच्या भानगडीत पडू नका. ९०० अंशांच्या वरची भट्टी आणि ऑक्सिजनचा प्रवाह लागतो, सत्र त्यातच संपतं. विकत घ्या किंवा विभागाकडून मागून घ्या. तिला ओल अजिबात चालत नाही, आणि पुण्यातला जुलै-ऑगस्ट तुम्हाला माहीतच आहे. नव्या बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात, त्या दोन-तीन टाकून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आम्ही एकदा दव पुसलं नाही आणि चकती तशीच डब्यात टाकून सुट्टीवर गेलो. परत आलो तर तिच्यावर पांढरी भुकटी, आणि चुंबक पूर्वीच्या निम्म्या उंचीवरही उभा राहीना. तेव्हापासून प्रत्येक वेळी टिपकागद आणि टेबल लॅम्प.

तापमानाचं सांगतो, कारण इथेच आमचे दोन आठवडे गेले. थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा जोड, तापमानानुसार अगदी थोडा व्होल्टेज देतो) स्वस्त असतं म्हणून आम्ही के प्रकारचं आणलं. इतक्या थंडीत ते एका अंशाला जेमतेम १६ मायक्रोव्होल्ट देतं. साधा मल्टिमीटर ०.१ मिलिव्होल्टच्या खालचं दाखवत नाही, म्हणजे आकडा एकदा हलायला सहा अंश जावे लागतात. त्यापेक्षा पीटी-१०० घ्या, म्हणजे प्लॅटिनमचा सेन्सर, तापमानाबरोबर त्याचा रोध बदलतो. शून्य अंश सेल्सिअसला १०० ओहम, द्रव नायट्रोजनमध्ये २० ओहमच्या आसपास, आणि दर अंशाला साधारण ०.४ ओहम. मल्टिमीटर तापकीर गल्लीत मिळेल, पण त्याच्या वायरींचा रोध आधी मोजून वजा करा. चकतीखाली तांब्याची छोटी पट्टी, तिला चिकटवलेला सेन्सर, सगळं थर्माकोलच्या कपात, वर कापूस. चकती सावकाश तापली पाहिजे, घाई केली की सेन्सर एक सांगतो आणि चकती दुसरंच करते. एक गंमत: पुणे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, त्यामुळे इथे नायट्रोजन पुस्तकातल्या आकड्यापेक्षा अर्धा केल्विन आधीच उकळतो. हे जर्नलमध्ये लिहा, परीक्षक खूश होतात.

जोर मोजायला स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. कप काट्यावर ठेवू नका, नायट्रोजन उडत राहतो आणि आकडा आपोआप उतरत जातो. काट्यावर उंच लाकडी ठोकळा, त्यावर चुंबक पक्का चिकटवलेला, आणि पातळ बुडाचा कप वरून स्टँडने खाली आणायचा. ठोकळा उंच हवा, नाहीतर चुंबक काट्यातल्या लोखंडालाच ओढतो. अंतरासाठी जुनी पोस्टकार्डं: दहांची जाडी व्हर्नियरने मोजा आणि दहाने भागा. आणि दोन्ही प्रकारे करा: चुंबक लांब ठेवून थंड केलेली चकती, आणि चुंबक जवळ असताना थंड केलेली. दुसरीत चुंबकरेषा चकतीत अडकून बसतात आणि ती ओढली तरी सुटायला तयार नसते. चिमटे प्लास्टिकचे घ्या, स्टीलचा हातातून उडून चुंबकाला चिकटतो.

नायट्रोजनसाठी विभागप्रमुखांचं पत्र महिनाभर आधी. स्कूटरवरून आणायचा विचारही नको, लिफ्टमधूनही नायट्रोजनचा डबा घेऊन माणसाने जायचं नाही. एक लिटर द्रवाचा जवळजवळ ७०० लिटर वायू होतो, म्हणून खिडक्या उघड्या आणि फिरकीच्या झाकणाचा थर्मास बाद. चष्मा, सैल हातमोजे, बंद बूट, पँट बुटाच्या बाहेरून. गटात कुणी गावाकडचं असेल तर त्याला हा डबा नवा नसेल, गुरांच्या दवाखान्यात रेतनाच्या कांड्या यातच ठेवतात. आमच्यात सगळ्यात निवांत तोच होता.

नायट्रोजन आलाच नाही तर? पायरोलिटिक ग्राफाइटचा पातळ तुकडा आणि चार निओडिमियम चुंबक बुद्धिबळाच्या पटासारखे उलटसुलट मांडून ठेवा. तो खोलीच्या तापमानालाच तरंगतो. तो सुपरकंडक्टर नाही, हे मात्र स्वतःहून सांगा.

तोंडी परीक्षेत आगगाडी येतेच. शांघायची मॅग्लेव्ह (चुंबकांच्या जोरावर रुळाला न टेकता धावणारी गाडी) साध्या विद्युतचुंबकांवर चालते. सुपरकंडक्टर वापरते ती जपानची, जी २०१५ मध्ये ताशी ६०३ किलोमीटरला पोहोचली. आमच्या पोस्टरवर नेमकं शांघायचं चित्र होतं.

उरलेला नायट्रोजन बेसिनमध्ये ओतू नका, खालचा प्लास्टिकचा पाइप तडकतो. गच्चीवर उघड्यावर ठेवून उडू द्या. तोवर चकती पुसा.