शाळेच्या फीवाढीवर आक्षेप घ्यायचाय? मग जूनची वाट बघत बसू नका

दरवर्षी जून आला की पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेच नाटक. शाळेचा फीचा मेसेज येतो, मग लालबुंद इमोजी, मग कोणीतरी गर्जना करतं की आपण सगळ्यांनी मिळून फीच भरायची नाही, आणि दोन दिवसांनी तोच माणूस गुपचूप ऑनलाइन भरून मोकळा झालेला असतो कारण लेट फी कोण भरणार. राग खोटा नसतो हो, पण तोपर्यंत वरात पुढे निघून गेलेली असते. आपल्याकडे महाराष्ट्रात खाजगी शाळांच्या फीसाठी रीतसर कायदा आहे, 2011 चा शुल्क विनियमन अधिनियम (लागू व्हायला 2014 चा डिसेंबर उजाडला, ते सोडा). त्यात शाळेने पुढच्या वर्षाच्या फीचा प्रस्ताव वर्ष सुरू व्हायच्या किमान सहा महिने आधी पीटीएच्या (पालक-शिक्षक संघाच्या) कार्यकारी समितीपुढे ठेवायचा असतो. म्हणजे एप्रिलला सुरू होणारी शाळा असेल तर ऑक्टोबरच्या आत, जूनची असेल तर डिसेंबरच्या आत. जे काय भांडायचं ते तेव्हा.

आता मुळात या समितीत कोण असतं ते बघा. पालक तर सगळेच पीटीएचे सभासद असतात, पण फी मंजूर करते ती कार्यकारी समिती, आणि तिच्यातले पालक चिठ्ठ्या टाकून, म्हणजे लॉटरीने निवडायचे असतात. अध्यक्ष मुख्याध्यापक, उपाध्यक्ष पालकांपैकी, शिवाय प्रत्येक इयत्तेचा एक पालक आणि एक शिक्षक. कागदावर फार छान. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी बुधवारी सकाळी अकराला मीटिंग लावतात, नोकरीवाले येऊ शकत नाहीत, मग जे ‘आपले’ पालक हजर असतात त्यांच्यातच चिठ्ठ्या फिरतात. म्हणून पहिलं काम हे की वर्ष सुरू झाल्यापासून 30 दिवसांत पीटीए बनवायची असते, त्या मीटिंगची तारीख लेखी विचारा, एक दिवस रजा टाका पण जा, चिठ्ठीत नाव टाका. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढल्या का ते बघा आणि जमलं तर मोबाईलवर शूट करा. जूनमध्ये शंभर मेसेज टाकण्यापेक्षा हा एक दिवस भारी पडतो.

समितीत गेलात, किंवा तुमच्या ओळखीचं कोणी गेलं, की प्रस्ताव आल्यावर नुसता टक्का बघू नका, हेड बघा. समजा ट्यूशन फी 60,000 ची 63,000 झाली, शाळा सांगणार फक्त पाच टक्के वाढ. खाली ‘ॲक्टिव्हिटी आणि स्मार्ट क्लास’ 8,000 चे 14,000 झालेले असतात. बेरीज करा, 68,000 चे 77,000, म्हणजे तेरा टक्क्यांच्या वर. कायद्यात फी म्हणजे एकटी ट्यूशन फी नाही, टर्म फी, लायब्ररी, लॅब, परीक्षा, डिपॉझिट असं बरंच काही त्यात येतं, त्यामुळे ‘हे चार्जेस वेगळे आहेत’ हे ऐकून घ्यायचं नाही. मागच्या वर्षीचा जमाखर्च मागा, पगारावर किती गेले विचारा, कारण फी ठरवताना शाळा कुठे आहे, सोयी काय आहेत, पगार, देखभाल हे सगळं बघायचं असं कायद्यातच लिहिलंय. समितीकडे निर्णयाला 30 दिवस असतात. त्यात निर्णय झाला नाही तर मामला विभागीय शुल्क नियामक समितीकडे जातो, तिथे निवृत्त जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष असतात. आणि एकदा मंजूर झालेली फी दोन वर्षं बदलता येत नाही, मध्येच ‘डेव्हलपमेंट’ नावाची नवीन ओळ उगवली तर तिथेच बोट ठेवा.

समितीत कोणीच नाही आणि फी तर वाढली, मग काय? इथे राजकारण सुरू होतं. 2018 च्या दुरुस्तीत अट आली की नियामक समितीकडे जायला किमान 25 टक्के पालक एकत्र यायला हवेत. 1,200 मुलांची शाळा म्हणजे साधारण तीनशे सह्या! बाजूने बोलणारे म्हणतात एकट्यादुकट्याच्या तक्रारीवर शाळा कोर्टकचेरीत अडकायला नको, पालक संघटना म्हणतात मग कायदा कशाला ठेवलाय शोभेला. दिल्लीत 2025 मध्ये फीचा कायदा झाला तिथे 15 टक्क्यांची अट आहे, त्यावरही विरोधकांनी आरडाओरडा केलाच. गुजरातने 2017 मध्ये वेगळाच रस्ता धरला, प्राथमिकला 15,000 वगैरे मर्यादा घातली आणि त्यावर फी हवी तर शाळेने कमिटीकडे जाऊन कारण सांगा. मला विचाराल तर गुजरातचं ते तत्त्व बरं वाटतं, कारण पटवून द्यायचं ओझं शाळेवर पडतं. पण आपल्या विधानसभेत सत्ताधारी असोत की विरोधक, किती आमदारांच्या स्वतःच्या संस्था आहेत ते आठवा, मग असा कायदा का होत नाही ते कळेल. शाळांचीही एक बाजू आहे, आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली मोफत घेतलेल्या मुलांचे सरकारने द्यायचे पैसे वर्षानुवर्षं थकतात आणि तो खड्डा शेवटी बाकीच्या पालकांच्या फीतून भरला जातो, हे त्या उघडपणे बोलत नाहीत इतकंच.

घोषणांवर मात्र अजिबात विसंबू नका. 8 मे 2020 ला जीआर निघाला की यंदा फीवाढ नाही, पालक खूश, आणि जूनमध्ये हायकोर्टाची स्थगिती.

तर 25 टक्के जमवायचे कसे. अख्ख्या शाळेच्या ग्रुपवर आवाहन टाकून काही होत नाही, वर्गावर्गाचा एक माणूस पकडा, त्याने गेटवर मुलं सुटायच्या वेळी सह्या घ्यायच्या. पालकाचं नाव, मुलाची इयत्ता, सही, बस्स. पहिली सही कोणाची यावरून लोक घाबरतात, म्हणून कागदावर सह्या गोलात घ्या, हा जुना युनियनवाल्यांचा उपाय अजून चालतो. सोबत दोन वर्षांच्या फीच्या पावत्या, शाळेचं सर्क्युलर, आणि मंजूर फी नोटीस बोर्डावर लावली नसेल तर त्या बोर्डाचा तारखेसकट फोटो. हा गठ्ठा द्याल तिथे एक कॉपी शिक्का मारून परत घ्या, पोच नाही तर अर्ज नाही. तोपर्यंत शिक्षणाधिकारी कार्यालयात (मुंबईत शिक्षण निरीक्षक) दहा रुपयांचा आरटीआय टाका आणि शाळेने पीटीएचा काय रेकॉर्ड सादर केलाय तो मागा, कधी कधी समितीच्या यादीत असे पालक सापडतात ज्यांना आपण समितीत आहोत हेच माहीत नसतं.

शाळेचं उल्लंघन सिद्ध झालं तर पहिल्या वेळी एक ते पाच लाख दंड किंवा जादा घेतलेल्या रकमेच्या दुप्पट, जे जास्त असेल ते, आणि जादा फी परत. आणि मधल्या काळात मुलाला वर्गाबाहेर बसवलं तर त्याच दिवशी लेखी तक्रार करा, आठवीपर्यंतच्या मुलाला काढून टाकता येत नाही आणि मानसिक त्रास देणं आरटीईच्या कलम 17 मध्ये बसतं. त्या अर्जात फीचा वाद मिसळू नका, तो कागद वेगळाच ठेवा.