रीसेल फ्लॅट विकायला काढताय? आधी या चुका टाळा

रीसेलचा फ्लॅट सहा महिने पडून राहिला की मालक आधी बाजाराला दोष देतो, मग एजंटला, शेवटी वास्तूला. जाहिरात उघडून पाहावी तर हॉलचा एक अंधारा फोटो, ‘प्राइम लोकेशन’ आणि ‘अर्जंट सेल’. कार्पेट (घराच्या आतलं वापरता येणारं क्षेत्र) किती, मजला कितवा, पार्किंग कव्हर्ड आहे का, मेंटेनन्स किती, काही नाही. ग्राहक फोन करून विचारेल अशी मालकाची समजूत असते. तो विचारत नाही. त्याच सोसायटीतल्या दुसऱ्या फ्लॅटची जाहिरात उघडतो.

एकच फ्लॅट, चार भाव

सगळ्यात महाग पडणारी चूक ही, आणि शिकली-सवरलेली माणसंसुद्धा ती हमखास करतात. पुण्यात सिंहगड रोडवरचा एखादा टू बीएचके घ्या. मालकाच्या मनात ८५ लाख. तो पाच एजंटांना सांगून ठेवतो, ‘जो गिऱ्हाईक आणेल त्याचं कमिशन.’ एक जण घासाघिशीला जागा हवी म्हणून ८९ टाकतो, दुसरा ८५. तिसरा फोन वाजावा म्हणून ७९ टाकून मोकळा होतो. मालक स्वतः आणखी एका पोर्टलवर ८६ टाकतो, वर ‘निगोशिएबल’.

आता ग्राहकाच्या जागी बसा. त्याला चार जाहिरातींत तेच खिडकीचं ग्रिल आणि तोच तपकिरी सोफा दिसतो. भाव ठरलेला नाही आणि मालक घायकुतीला आलाय, एवढं त्याला तिथेच कळतं. बोलणी ७५ पासून सुरू होतात. ज्या एजंटाने ७९ टाकले, त्याला फोन भरपूर येतात, पण तो सांगतो, ‘तो कालच गेला, तसाच दुसरा दाखवतो.’ म्हणजे तुमच्या फोटोंवर दुसऱ्याचं घर विकलं जातं.

दोन एजंट पुरे. त्यांचा महारेरा (राज्याचं स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरण) नोंदणी क्रमांक आधी मागा. भाव, कार्पेट आणि फोटो दोघांनाही एकाच मजकुरात व्हॉट्सॲपवर पाठवा, आणि विचारल्याशिवाय आकडा बदलायचा नाही हे त्यातच लिहा. मुदत साठ दिवस. कमिशन एक टक्का की दोन, जीएसटी धरून की वेगळा, हे तोंडी ठेवू नका. निम्मं कमिशन करारनाम्याच्या नोंदणीला आणि उरलेलं पूर्ण पैसे जमा झाल्यावर, ही वाटणी बरी. दर रविवारी स्वतः पोर्टलवर आपली सोसायटी शोधा; परस्पर टाकलेली जाहिरात दिसली तर तिथेच रिपोर्ट करा.

आणि भाव ठरवायचा कशावरून? शेजारचे काका सांगतात तो भाव ऐकीव असतो, त्यात दहा-पाच लाख हौसेने वाढलेले असतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, फुकट पाहता येतो. आपल्या आणि आजूबाजूच्या इमारतींतले गेल्या वर्षभरातले पाच-सहा व्यवहार काढा. त्यात ‘मोबदला’ आणि ‘बाजारभाव’ असे दोन आकडे दिसतील. मोबदला म्हणजे दस्तात लिहिलेली किंमत, बाजारभाव म्हणजे रेडी रेकनरचं, म्हणजे सरकारी दरतक्त्याचं मूल्यांकन. बरेच जण नेमका चुकीचा आकडा उचलतात. मोबदल्याला त्या फ्लॅटच्या कार्पेटने भागा, आलेल्या दराला आपल्या कार्पेटने गुणा, त्यावर तीन ते पाच टक्के चढवा आणि थांबा. ९१ लाख लिहिलात तर ९० पर्यंत फिल्टर लावणाऱ्याला तुमचा फ्लॅट दिसणारच नाही.

सुपर बिल्टअपचा मोह

करारनाम्यात ६० चौरस मीटर कार्पेट असतं. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट, तेव्हा ते झालं ६४६ चौरस फूट. जाहिरातीत मात्र भिंती, जिना, लॉबीचा वाटा धरून, म्हणजे सुपर बिल्टअप, ‘९०० स्क्वेअर फूट’ झळकतं. बघायला आलेला माणूस बेडरूममध्ये उभा राहून भिंती मोजतो, तिथेच अर्धा विश्वास उडतो.

खरा फटका मात्र बँकेत बसतो. ८५ लाखांना सौदा ठरला. ३० ते ७५ लाखांच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, म्हणून ग्राहकाने ६८ लाखांचा हिशेब धरला. बँकेच्या व्हॅल्युअरने प्रत्यक्ष क्षेत्र पाहून ७८ लाख लावले, तर कर्ज ६२.४ लाखांवर येतं. ५.६ लाखांचा खड्डा. वर पुण्यात सात टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे जवळपास सहा लाख, आणि ३० हजार नोंदणी फी, हे सगळं खिशातून. सौदा इथे मोडतो, तोवर दीड-दोन महिने गेलेले असतात. जाहिरातीत रेराच्या व्याख्येचं कार्पेट लिहा, बाल्कनी वेगळी लिहा. खरेदीदार महिला असेल तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते, हेही सांगून ठेवा.

फोटो

झाडलोट न करता काढू नका. दोरीवरचे कपडे, बेसिनवरचे ब्रश, फ्रिजवरची कॅलेंडरं हलवा. सगळे दिवे लावा, पडदे बाजूला सारा, मोबाइल आडवा आणि छातीच्या उंचीवर धरा. मोबाइलची ०.५ची (वाइड) लेन्स वापरू नका: दहा बाय अकराची बेडरूम तिच्यात मंगल कार्यालयासारखी दिसते आणि प्रत्यक्ष आलेला माणूस दारातच हिरमुसतो. बारा-पंधरा फोटो, फ्लोअर प्लॅन, आणि लिफ्टपासून बाल्कनीपर्यंतचा न तोडलेला दीड मिनिटाचा व्हिडिओ पुरतो. संगीत नको.

बंद घराचा वास

रिकामा फ्लॅट महिनाभर बंद राहिला की नहाणी ट्रॅपमधलं (मोरीच्या जाळीखालच्या भांड्यातलं) पाणी आटतं आणि ड्रेनेजचा वास थेट घरात येतो. लोक रूम फ्रेशनर मारतात. मग दोन्ही वास येतात. आदल्या दिवशी प्रत्येक जाळीत अर्धी बादली पाणी ओता, फ्लश दोनदा करा. घर पुन्हा बंद ठेवायचं असेल तर वरून चमचाभर खोबरेल सोडा, पाणी उशिरा आटतं.

ओल आलेल्या भिंतीवर नुसता रंग लावू नका. जुलैत बघायला आलेल्या माणसाला फुगलेली पुट्टी दिसतेच.

बाकीच्या चुका

‘ओन्ली सिरियस बायर्स’ लिहू नका, सिरियस माणूसच दुखावतो. पितृपक्षात नवी जाहिरात टाकू नका. दसरा-दिवाळीपर्यंत ती शिळी दिसते. संध्याकाळी सातला घर दाखवू नका.

कागदांची फाइल जाहिरातीच्या आधी तयार हवी: मागच्या सर्व करारनाम्यांची साखळी, इंडेक्स टू, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा प्रमाणपत्र, मालमत्ता कराची पावती, सोसायटीचं थकबाकी नसल्याचं पत्र. कर्ज चालू असेल तर बँकेकडून मूळ कागदांची यादी आणि फोरक्लोजर लेटर, म्हणजे कर्ज फेडायला किती रक्कम लागेल याचं पत्र. ‘देऊ नंतर’ ऐकलं की ग्राहकाचा वकील पाय मागे घेतो. महापालिका हद्दीत सोसायटीला ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट दुसऱ्याच्या नावावर करण्याचं शुल्क) २५ हजारांहून जास्त घेता येत नाही. सेक्रेटरी ‘डोनेशन’ मागणार असेल तर तो वाद ग्राहक यायच्या आधी मिटवा.

परदेशात राहणाऱ्या मालकांनी ते जाहिरातीतच सांगावं. निवासी भारतीय विकत असेल तर ५० लाख आणि त्यापुढच्या व्यवहारात खरेदीदार एक टक्का टीडीएस (विकणाऱ्याच्या आयकरापोटी आधीच कापायची रक्कम) कापतो, पण अनिवासी विकणारा असेल तर दर बराच चढतो. तो कमी करण्याच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज करावा लागतो आणि त्यात काही आठवडे जातात. कुलमुखत्यारपत्र परदेशात केलं असेल तर ते भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित करून घ्यायचं असतं. ही दोन्ही कामं टोकन घेतल्यावर सुरू केलीत तर ग्राहकाच्या कर्जमंजुरीची मुदत तुमच्या कागदांची वाट पाहत संपते.