भाड्याच्या घरात घरफोडी झाली? या चुका टाळा

चार दिवस गावी जाऊन परतलो तर दाराचा कोयंडा उचकटलेला. पायपुसण्यावर लाकडाचा भुसा आणि वाकलेले स्क्रू. तेव्हा आम्ही पुण्यात भाड्याने राहत होतो. घाबरलेल्या अवस्थेत मी आधी केर काढला, बायकोने कपाट आवरायला घेतलं. पोलीस आले तोवर ठसे मिळतील अशी जागा फारशी उरली नव्हती. म्हणून सांगतो, आत पाऊल टाकण्याआधी ११२ ला फोन करा आणि दाराचे जवळून फोटो काढा. आवराआवर पंचनामा झाल्यावर.

फिर्यादीत फक्त दागिने लिहिणं

ही चूक मला सगळ्यात महाग पडली. मंगळसूत्र, लॅपटॉप, रोकड सगळं लिहून दिलं, दाराबद्दल एक शब्द नाही. पुढे घर सोडताना मालकांनी नव्या दाराचे पैसे अनामत रकमेतून कापले. "दार तुमच्या ताब्यात असताना तुटलं," एवढंच त्यांचं म्हणणं, आणि माझ्याकडे दाखवायला कागद नव्हता.

भाडेपट्ट्याला लागू होणाऱ्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ प्रमाणे भाडेकरूने जागा होती तशी परत द्यायची असते. पण वापराने होणारी झीज आणि आपल्याला रोखता न येणाऱ्या बळामुळे झालेलं नुकसान त्यातून वगळलं आहे. चोराने फोडलेलं दार या अपवादात बसतं असं ठामपणे मांडता येतं. मात्र ते चोरानेच फोडलं हे पंचनाम्यात दिसायला हवं. कडी, कोयंडा, लॅच, खिडकीचे गज, मालकाचं कपाट, जे जे मोडलं ते नावानिशी लिहून घ्या.

वस्तू हरवल्याचा दाखला घेऊन परत येऊ नका. घरफोडीला एफआयआरच हवा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार त्याची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ठाण्यात नोंद करून घेत नसतील तर पोलीस अधीक्षकांकडे, शहरात उपायुक्तांकडे, लेखी तक्रार पाठवा.

रागाने भाडं थांबवणं

मालक दार दुरुस्त करून देत नाही म्हणून भाडं बंद केलं, की चूक तुमच्या नावावर जाते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ मध्ये यावर रस्ता आहे. दुरुस्ती मालकाची जबाबदारी. किमान १५ दिवसांची नोटीस द्यायची, तरीही वाजवी वेळेत काम झालं नाही तर स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करायचा, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. हे भाडेकरूंसाठी आहे. तुमचा करार लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक काळ जागा वापरायची नुसती परवानगी देणारा असेल, आणि आता बहुतेकांचा तोच असतो, तर त्यातलं दुरुस्तीचं कलम आधी वाचा.

उघड्या दाराने १५ दिवस कोणी झोपत नाही, हे खरंच. सुताराला बोलवा, कुलूप बसवा, पण त्याआधी मालकाला फोटोसह व्हॉट्सअ‍ॅपवर लिहा: "सुरक्षेसाठी आजच तात्पुरती दुरुस्ती करत आहे, बिल पाठवतो." फोनवर बोलणं झालं असेल तरी लिहाच. तुटलेलं कुलूप टाकू नका.

सोसायटीच्या सीसीटीव्हीचं चित्रण काही दिवसांत पुसलं जातं. ते जपून ठेवा म्हणून सेक्रेटरींना त्याच दिवशी अर्ज द्या आणि पोहोच घ्या.

चोरीला गेलेल्या सामानाची भरपाई मालकाकडे मागता येईल, ही समजूतही बहुतेक वेळा फोल ठरते. लॅच सैल आहे असं तुम्ही आधी लेखी कळवलं होतं आणि त्याने दुर्लक्ष केलं, तरच बोलायला जागा. मालकाचा विमा सहसा त्याच्या वास्तूचा असतो. तुमच्या सामानाचा विमा तुम्हालाच काढावा लागतो.

करार नोंदवलेला नाही म्हणून गप्प बसणं

असे भाडेकरू मी पाहिले आहेत, विशेषतः नोकरीसाठी नव्याने शहरात आलेली मुलं. करार नोंदवलेला नाही, आपणच अडकू, या भीतीने ती ठाण्यात जातच नाहीत. वर सांगितलेल्या भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम ५५ नुसार करार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. तो नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. चोरीची फिर्याद द्यायला करार लागतच नाही.