मुलाच्या अखेरच्या दिवसांत घरी होणाऱ्या चुका : या टाळा

मूल बरे होणार नाही, आता त्याला त्रास होऊ न देणे एवढेच आपल्या हाती आहे, असे डॉक्टरांनी सांगितल्यावर कुटुंब घरी परतते, तेव्हा सोबत औषधांची पिशवी, जाडजूड फाईल आणि एक फोन नंबर असतो. पुण्यात अशा घरी मी परिचारिका म्हणून जाते. धायरीतली दोन खोल्यांची चाळ असो की कोथरूडमधला प्रशस्त फ्लॅट, चुका जवळजवळ त्याच होतात आणि बहुतेकींचे मूळ एकच असते : त्रास डोळ्यांना दिसेपर्यंत औषध हातात धरून थांबणे.

‘दुखले तर देऊ’

तीव्र वेदनेवर तोंडावाटे दिलेल्या साध्या मॉर्फिनचा परिणाम साधारण चार तास टिकतो. म्हणूनच ते घड्याळाप्रमाणे दर चार तासांनी दिले जाते, कारण पुढचा डोस लांबला की वेदना पुन्हा चढते आणि चढलेली वेदना उतरवायला आधीपेक्षा जास्त औषध आणि जास्त वेळ लागतो. हडपसरच्या एका घरी नऊ वर्षांच्या मुलीच्या आईने भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनांत डोसाच्या वेळा लिहून ठेवल्या होत्या. दिवसाच्या प्रत्येक वेळेपुढे खूण होती, पण रात्री दोनपुढची जागा सलग तीन दिवस कोरी. “शांत झोपली होती हो ताई, उठवणार कशी?” आजींनी विचारले. ती मुलगी रोज पहाटे पाचला कळवळत उठत होती आणि आठ वाजेपर्यंत शांत होत नव्हती. यात माझीही चूक होती. नेमाचा डोस आणि मध्येच दुखल्यास द्यायचा जादा डोस मी एकाच कागदावर, एकाखाली एक लिहिले होते आणि ‘गरजेनुसार’ हा शब्द दोन्हींना लागू आहे असे घरच्यांना वाटले. तेव्हापासून मी दोन वेगळे कागद करते आणि जादा डोसाचा कागद लाल शाईने लिहिते. रात्रीचा डोस चुकवण्याऐवजी झोपताना किती द्यावे, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवता येते. तो निर्णय मात्र घरी घेऊ नये.

जादा डोस दिला की वेळ लिहावी. दिवसात दोन-तीनपेक्षा अधिक वेळा तो लागत असेल, तर मूल नाजूक झाले आहे असे समजून हताश होण्याऐवजी डॉक्टरांना कळवावे, कारण बहुधा नेमाचा डोसच वाढवायची वेळ आलेली असते.

‘मॉर्फिन म्हणजे शेवट’ ही समजूत सुशिक्षित घरांतही घट्ट बसलेली आहे. वजन पाहून, पायरीपायरीने वाढवलेले मॉर्फिन मृत्यू ओढवून आणत नाही आणि वेदनेसाठी ते घेणाऱ्या मुलाला व्यसनही सहसा लागत नाही. पहिले दोन-तीन दिवस गुंगी येते. पुष्कळदा ती कित्येक रात्रींच्या राहिलेल्या झोपेची भरपाई असते. हाक मारूनही मूल जागे होत नसेल आणि श्वास फार संथ झाला असेल, तर मात्र पुढचा डोस न देता तत्काळ फोन करावा. मॉर्फिनने होणाऱ्या बद्धकोष्ठतेचे मात्र गुंगीसारखे नाही : तिची शरीराला सवय होत नाही, म्हणून सारक औषध पहिल्या दिवसापासूनच चालू करावे. चार दिवस शौच न झाल्यावर होणारी पोटदुखी हे आजार वाढल्याचे लक्षण समजून मॉर्फिन वाढवले जाते आणि दुष्टचक्र सुरू होते. रक्तातील पेशी कमी असलेल्या मुलांना न विचारता एनिमा देऊ नये. मॉर्फिनच्या दीर्घ परिणामाच्या गोळ्या कधीही कुटू नयेत, कारण कुटल्याने बारा तासांचे औषध एकदम अंगात भिनते.

मॉर्फिन टाळण्यासाठी नातेवाइकाच्या घरची कोडीनची किंवा ट्रामाडॉलची गोळी देणे हा त्याहून मोठा धोका आहे. कोडीनचे शरीरात मॉर्फिन होते, पण काही मुलांत फार वेगाने, तर काहींत जवळजवळ नाहीच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये मुलांच्या दीर्घकालीन वेदनेच्या उपचारांतून सौम्य वेदनाशामके आणि मॉर्फिन यांच्यामधली ही पायरी काढून टाकली.

मापाची गफलत

ही चूक मी सर्वाधिक पाहते. पॅरासिटामॉल कुठेही सहज मिळते म्हणून कोणी त्याला औषध मानतच नाही. पण एका सिरपमध्ये ५ मिलिलिटरला १२० मिलिग्रॅम, दुसऱ्यात २५० आणि ड्रॉप्समध्ये एकाच मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम असू शकते. दर डोसाला कमाल १५ मिलिग्रॅम प्रतिकिलो हे माप धरले, तर दहा किलोच्या मुलाला पहिल्या सिरपचे सुमारे ६ मिलिलिटर लागते. तेवढेच ड्रॉप्स दिले तर ६०० मिलिग्रॅम, म्हणजे चौपट औषध पोटात जाते. बाटली बदलली की लेबल मोठ्याने वाचावे आणि चमच्याऐवजी सिरिंजने मोजावे. सर्दीच्या सिरपमध्येही पॅरासिटामॉल असते, हे विसरू नये.

गप्प मूल म्हणजे शांत मूल नव्हे

सुई टोचली जाईल या भीतीने किंवा आई रडेल म्हणून मुले दुखणे लपवतात. खेळणे थांबवणे, पाय पोटाशी घेऊन पडून राहणे, कपाळावरची आठी न उलगडणे, कूस बदलवताना अंग ताठ करणे, याही तक्रारीच आहेत. बोलू न शकणाऱ्या मुलांसाठी चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि समजावल्यावर शांत होणे या पाच बाबींना शून्य ते दोन गुण देऊन दहापैकी बेरीज करण्याची पद्धत दवाखान्यांत वापरतात. ती पालकांनाही दहा मिनिटांत शिकवता येते.

दोन घास तरी

अखेरच्या दिवसांत भूक जाते, कारण शरीराला अन्न पचवणे झेपत नाही. मांडीवर घेऊन वरणभात भरवण्याचा आग्रह केला, तर घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. सलाईनने तरतरी येईल ही अपेक्षाही बहुधा फोल ठरते. सूज आणि घशातला स्राव मात्र वाढतो. ओल्या कापसाने तोंड पुसावे, मागितले तर नारळपाण्याचे चार थेंब द्यावेत, ओठ मऊ ठेवावेत.

श्वास, घरघर आणि झटके

धाप लागली की घरचे ऑक्सिजनच्या सिलिंडरसाठी धावपळ करतात. रक्तातला ऑक्सिजन कमी नसेल, तर त्यापेक्षा चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा, उशांचा टेका, उघडी खिडकी आणि डॉक्टरांनी सांगितलेला मॉर्फिनचा लहान डोस अधिक उपयोगी पडतो. घशातली घरघर ऐकणाऱ्याला असह्य होते, मुलाला बहुधा जाणवत नसते. कुशीवर वळवावे, खोलवर नळी घालून स्राव ओढू नये. झटका आल्यास कांदा किंवा चप्पल हुंगवू नये, दातांत चमचा घालू नये. कुशीवर वळवून वेळ बघावी आणि झटका पाच मिनिटांत थांबला नाही, तर डॉक्टरांनी लिहून दिलेला, झटका थांबवणाऱ्या मिडाझोलामचा नाकातला फवारा सांगितल्याप्रमाणे मारावा. हा फवारा खोक्यातून काढून कसा धरायचा, हे घरच्यांनी आधी कधी पाहिलेले नसते, ही खरी अडचण.

साठा आणि सणवार

अमली पदार्थविषयक कायद्यात २०१४ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे वेदनेसाठी मॉर्फिन मिळवणे सोपे व्हायला मदत झाली, तरी ते कोपऱ्यावरच्या प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही. वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून अशा रुग्णांचा त्रास कमी करण्याचे काम करत आहे; अशा ठिकाणी मूल थकण्याआधीच नाव नोंदवावे. अनंत चतुर्दशीला पेठांतले रस्ते बंद असतात आणि विसर्जन दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, दिवाळीत माणसे गावी जातात. त्यामुळे निदान आठवड्याचा साठा कुलपात असावा आणि रात्री कोणाला फोन करायचा, रुग्णालयात न्यायचे की नाही, हे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवावे. मूल गेल्यानंतर उरलेल्या गोळ्या मोजून केंद्रात परत कराव्यात. फेंटानिल या तीव्र वेदनाशामकाची, कातडीवर चिकटवायची पट्टी लावलेली असेल, तर ती काढून चिकट बाजू आत येईल अशी दुमडावी, म्हणजे घरातल्या धाकट्या भावंडांच्या हाताला लागणार नाही. पट्टी अंगावर असताना तिच्यावर गरम पाण्याची पिशवी ठेवू नये, कारण उष्णतेने औषध वेगाने आत शिरते. थंडीच्या रात्री आजी नेमकी तीच पिशवी प्रेमाने पाठीशी लावतात.